वाटूरच्या गोंधळाचं परीक्षण

"सर, एकदा तुमी माझी लाज राखली," संपत गोंधळी म्हणाला, "आता अजून एकदा राखा."

दुपारची वेळ होती. दैनिकाच्या जालन्याच्या कचेरीतली बाकीची माणसं जेवायला गेली होती. रामप्रसादनं आपली खुर्ची भिंतीला लावून घेतली होती. पाठीशी भिंत असली की मागून कोणी हाक मारत नाही, हे तो वर्षभरात शिकला होता. संपतच्या ओठांवरून नजर न हलवता त्यानं विचारलं, "कशाची लाज?"

"आता ओ सर! वाटूरच्या अण्णासाहेबाच्या पोराच्या लग्नातला गोंधळ. माझी तार तुटल्ती का न्हाई?"

संपत हसला. आपल्या बाजूच्या माणसाशी बोलताना हसावं, तसा.

"देवीला हाका घालायला लागलो आन् तार तुटली. बदलायची तर तुणतुणं खाली ठेवावं लागतं. आमच्या घरात रीत हाये, दिवटी पेटली की आरतीपर्यंत वाद्य भुईला टेकवायचं न्हाई. मंग काय करता? नुसता हात हलवत राह्यलो. चुलत्यानं, भिवाकाकानं, संबळ असा दणक्यात धरला की मांडवात कुनाला काय कळलं न्हाई. पर तुमी तर हातभरावर बसल्ते. तुमाला कसं कळनार न्हाई? आन् तरी लिवलं."

त्यानं खिशातून कात्रण काढलं. प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं. रामप्रसादला ते वाचायची गरज नव्हती. वाक्य त्याचंच होतं: संपतच्या तुणतुण्यानं संबळाची साथ आरतीपर्यंत सोडली नाही, त्याचा सूर एकदाही ढळला नाही.

रामप्रसादनं कात्रण संपतकडे परत सरकवलं. तुटलेल्या तारेचा सूर ढळला नाही, असं त्यानं छापून आणलं होतं. आणि समोरचा माणूस त्याला उपकार समजत होता.

लोकसंगीतावर तो लिहायला लागला त्याला आता खूप वर्षं झाली. भारुड, गोंधळ, ओव्या, शाहिरी. जिल्ह्यात कुठंही मांडव पडला की रामप्रसाद वाद्यांच्या शेजारी जाऊन बसणार आणि एकही अक्षर टिपून न घेता सगळं कानात घेऊन येणार, अशी त्याची ख्याती. झांजेतला एक ठोका उशिरा पडला तर तो नेमका कुठं, हे तो लिहायचा. कलावंत रागवायचे आणि पुढच्या वेळी त्यालाच बोलावणं पाठवायचे. मग कधीतरी बारीक आवाज जायला लागले. आधी घुंगरू गेलं, मग झांज, मग बायकांच्या गळ्यातली वरची पट्टी. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं, नस गेली आहे, परत येणार नाही. कानात घालायचं मशीन दिलं. मशीननं बोलणं कळायचं, पण गाणं डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायचं. ते घालून लोकांसमोर जायची त्याची छाती झाली नाही. तो बोटं बघून लिहायला लागला. बोट हललं म्हणजे सूर आला. अल्बम आले तर जुन्या माहितीवर, जुन्या विशेषणांवर भागवायचा. कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्याचं त्यालाच कधीकधी नवल वाटायचं, आणि मग झोप लागायची नाही.

"आता काय झालं?" त्यानं विचारलं.

झालं ते असं. अण्णासाहेबांची दैवशाला नावाची नवी सून लग्नानंतर पंधरवड्यातच गाडीवरून पडली. पाय प्लास्टरमध्ये. घरात बायका कुजबुजायला लागल्या आणि कोणीतरी सांगितलं की गोंधळात तुणतुणं बंद पडलं होतं. पिढ्यान् पिढ्या संपतच्या घराण्याकडे असलेला त्या घरचा गोंधळ अण्णासाहेब आता भोकरदनकडच्या दुसऱ्या गोंधळ्याला देणार होते. पुन्हा चौक मांडून, पहिला गोंधळ मोडीत काढून.

"एक घर मोडलं का आजूबाजूचं समदं गाव मोडतं, सर. म्या हे कात्रण दाखवलं. तर अण्णा म्हनले, कागदाचं मला सांगू नको, त्या मानसाला घेऊन ये. रामप्रसाद सर तोंडानं म्हनले की तार वाजली, तर माझं काही म्हननं न्हाई. त्याच्या कानावर माझा इस्वास हाये."

त्याच्या कानावर. रामप्रसादनं हे दोन शब्द संपतच्या ओठांवर अगदी स्वच्छ वाचले.

निघताना जिन्यात पुरवणी बघणारी शिखा भेटली. कापडबाजारातल्या मारवाडी घरातली मुलगी, कामाला चोख. तिनं हात तोंडाजवळ धरून मोठ्यानं सांगितलं, "सर, भोकरदनच्या ओव्यांचा अल्बम! पाचपर्यंत मजकूर पाहिजे, बिलकुल उशीर नको!" ती आपल्याशी मोठ्यानं का बोलते, हा विचार त्यानं पहिल्याच पायरीवर सोडून दिला. तो अल्बम त्यानं सकाळपासून लावून पाहिला होता. जात्याची घरघर येत होती. बाई गात होती तिथं काहीच नव्हतं.

संपतच्या मोटारसायकलवर मागे बसून वाटूरला जाताना तो एकच हिशेब मांडत राहिला. तार तुटली असं सांगितलं, तर संपतचं घर जातं. ऐकू आलं नाही असं सांगितलं, तर आपलं जातं, आणि साक्षीदारच गेला म्हटल्यावर संपतचंही जातं. वाजली असं सांगितलं, तर दोघंही वाचतात. आयुष्यात त्यानं जाणूनबुजून खोटं कधी छापलं नव्हतं. पण हे छापायचं नव्हतं, नुसतं बोलायचं होतं. शिवाय एकदा छापून झालंच होतं.

अण्णासाहेबांच्या घराच्या नव्या स्लॅबच्या ओसरीत सतरंजी अंथरली होती. अण्णासाहेब खुर्चीवर, पोटावर हात ठेवून. त्यांची म्हातारी आई साळूबाई खांबाला टेकून बसलेली. आत दाराशी दैवशाला प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. चहा आला. रामप्रसादनं अशी जागा धरली की सगळ्यांची तोंडं दिसावीत.

"सर, तुमी आल्ते गोंधळाला," अण्णासाहेब म्हणाले. "पुढंच बसल्ते. आमी पाहुण्यारावळ्यात गुतलो, ध्यान नव्हतं. तुमीच सांगा. तार वाजली का न्हाई?"

"वाजली," रामप्रसाद म्हणाला.

"आरतीपर्यंत?"

"आरतीपर्यंत. लिहिलंय मी तसं."

अण्णासाहेबांनी मान डोलावली. संपतनं श्वास सोडला तो रामप्रसादला दिसला. झालं, त्याला वाटलं. इतकं सोपं होतं. पण अण्णासाहेब खुर्चीतून वळले. मागच्या कोनाड्यातला अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरता कातरता, पाठ तशीच ठेवून, काहीतरी बोलले. रामप्रसादला त्यांची मान तेवढी दिसली. संपत दचकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून तुणतुणं काढलं, काखेत धरलं आणि खुंटी पिळायला लागला.

वाजवून दाखव म्हणाले असतील, रामप्रसादनं ताडलं. साहजिकच होतं. तार लावून घेतोय.

संपतनं काडी मारली. तार हललेली दिसली. त्यानं पुन्हा मारली आणि मान वर करून थेट रामप्रसादकडे पाहिलं. डोळे मोठे करून, आता तुमीच बघा, असं म्हटल्यासारखं.

अण्णासाहेब सुपारी तोंडात टाकून परत वळले होते. "काय सर? त्या दिवशी असंच वाजलं व्हतं?"

रामप्रसादनं संपतच्या नजरेचा अर्थ लावला. तो धीर मागतोय.

"हाच सूर," तो म्हणाला. "अगदी बरोबर. त्या दिवशीही असाच लागला होता."

चहाचा कप हातात तसाच धरून दैवशाला त्याच्याकडे बघत होती. संपतची काडी सतरंजीवर पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

"सर," अण्णासाहेब आता सावकाश, तोंड नीट उघडून बोलले, लहान पोराला सांगावं तसं. "म्या त्याला खुंटी ढिली करायला सांगितल्ती. पार ढिली. ती तार आता वाजून न्हाई राह्यली. समद्या घरानं ऐकलं मी काय सांगितलं ते. तुमी सोडून."

रामप्रसादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी म्हणायला हवं होतं. लक्ष नव्हतं, गाडीच्या वाऱ्यानं कान बसले, काहीही. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं, "अण्णासाहेब, याचा यात काही दोष नाही. गोंधळ याच्याकडून काढू नका. तुम्ही म्हणाल ते मी लिहून देतो. तुम्ही म्हणाल ते."

"काय लिवून देता आता?" अण्णासाहेब म्हणाले. आवाज चढला असावा, कारण दैवशालानं मान खाली घातली. "तुमी लिवलं म्हनून पाव्हण्यांना वाचून दाखवलं म्या. ह्या तोंडानं! जालन्याहून मानूस आल्ता, त्याच्या कानातून काही सुटत न्हाई, म्हनून सांगितलं."

साळूबाईनं हात वर केला. बोलताना तिनं रामप्रसादकडे तोंड केलं. तिचे दात गेलेले होते, तरी ओठ वाचता आले.

"तार तुटली ती म्या पाह्यली, लेका. चौकाच्या अंगालाच बसल्ते की. ह्याच्या बोटाला लागली, रगत आलं. पर ह्यानं हात थांबवला न्हाई, तुणतुणं खाली टेकवलं न्हाई. अण्ण्याला मी तवाच सांगितलं, गोंधळ पुरा झाला. पोरगी पडली ती खड्ड्यानं पडली. देवीला काय रस्ते बुजवायचं काम हाये व्हय?"

आत कोणीतरी हसलं असावं. दैवशालाचे खांदे हलले.

"मंग मला कामून बोलावलं, माय?" संपतनं विचारलं.

उत्तर अण्णासाहेबांनी दिलं. "कारण आई एकटी म्हनून राह्यली. मला वाटलं, अजून एका जानकार मानसाच्या तोंडून ऐकावं. तार तुटली, पर गोंधळ मोडला न्हाई, एवढं सर म्हनले असते, तर पाव्हण्यांचं तोंड बंद झालं असतं. एवढंच पायजे व्हतं. खरं तेवढंच." त्यांनी सुपारी गालात सारली. "असू दे. संपत, धाकट्याच्या लग्नाचा गोंधळ तूच करायचा. जादा तार घेऊन येत जा." मग रामप्रसादकडे बघून, हातानं खूण करत, प्रत्येक शब्द वेगळा करून ते म्हणाले, "सर, तुमी, बी, या. पुढं, बसा."

रामप्रसादला यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

वाटूर फाट्यावर संपतनं गाडी बाजूला घेतली. ट्रक जात होते, त्यांची घरघर पायातून वर यायची. संपत उतरला, समोर येऊन उभा राहिला. मघाचं हसू आता नव्हतं.

"मला वाटलं, तुमी माझ्यासाठी लिवलं."

"नाही."

"तुमाला ऐकूच आलं न्हाई."

"नाही."

"आन् माझ्या पोराचं लिवलं ते? परतूरच्या जत्रेत पहिल्यांदा गायलं तवाचं? गळा गोड हाये, पन वरच्या सुराला घाबरतो, असं लिवलं तुमी. तवापासनं पोरगं वरचा सूर घेत न्हाई सर. घाबरतो म्हनून सरांनी लिवलं, म्हंतो."

रामप्रसादला ती संध्याकाळ आठवली. पोरानं मान मागे टाकली होती, गळ्याची शीर ताठली होती आणि त्याच्यापर्यंत काहीच आलं नव्हतं. म्हणजे आवाज पोचला नाही, असं त्यानं धरलं होतं. आवाज पोचला असेल. नक्कीच पोचला असेल.

"घेतो का तो? वरचा?" त्यानं विचारलं.

संपतनं उत्तर दिलं, पण तेव्हा तोंड रस्त्याकडे होतं. पुन्हा विचारायचा रामप्रसादला धीर झाला नाही.

त्यानं फोन काढला. उभ्या उभ्या लिहायची सवय होतीच. दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर, त्याच जागी छापायची, हा दैनिकाचा नियम त्यानंच नव्या पोरांना शिकवला होता. त्यानं लिहिलं, वाटूर येथील गोंधळाच्या परीक्षणातील तुणतुण्याविषयीचं वाक्य चुकीचं आहे. परीक्षकाला ते वाद्य ऐकू आलेलं नव्हतं. मग खाली अजून लिहिलं, परतूरच्या जत्रेतील मुलाच्या गायनाबद्दलचं मतही मागे घेत आहे. गेल्या वर्षभरातलं या सदरातलं कोणतंही मत वाचकांनी ग्राह्य धरू नये.

संपत वाकून वाचत होता. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "तार तुटली व्हती, आन् आरतीपर्यंत हात थांबला न्हाई, हे बी टाका. घरानं मान्य केलंय आता."

"ते मी पाहिलं नाही. मी बोटं बघत होतो तरी दिसलं नाही."

"मंग माय म्हनली असं टाका."

रामप्रसादनं तसं टाकलं. साळूबाई यांच्या सांगण्यानुसार. मग शिखाला पाठवायच्या खुणेवर अंगठा दाबला.

पुढच्या ट्रकची घरघर विरायच्या आत फोन तळहातात थरथरायला लागला. शिखाचं नाव होतं. त्यानं सवयीनं तो कानाकडे नेला, अर्ध्यावर थांबला आणि संपतच्या हातात दिला.

"तू बोल. ती काय म्हणते ते मला नीट, तोंड करून सांग."

संपतनं फोन कानाला लावला. बराच वेळ नुसताच ऐकत राहिला. दोनदा "हां ताई" म्हणाला. मग फोन हातानं झाकून रामप्रसादकडे वळला.

"त्या म्हंत्यात, त्यांना म्हाईत व्हतं. केव्हाचंच. जिन्यात म्हनून मोठ्यानं बोलून राह्यल्त्या." तो घुटमळला. "आन् इचारून राह्यल्या, ओव्यांच्या अल्बमचं काय करायचं? जागा रिकामी हाये, पान छापायला जाऊन राह्यलं."

सकाळपासून कानात घरघरणारं जातं रामप्रसादला आठवलं. जात्यावर गाणारी, त्याला कधीच न ऐकू येणारी बाईही.

"दुसऱ्या कोणाला तरी ऐकायला दे म्हणावं," तो म्हणाला. "आज नाही झालं तरी चालेल. पण ऐकू येणाऱ्यानं ऐकावं."

संपत फोनमध्ये बोलायला लागला. रामप्रसाद त्याचे ओठ बघत राहिला, आपण सांगितलं तेवढंच तो सांगतोय ना, हे बघत.