हसत येणारा वास

रंभा मूळची राहात्याकडची. लग्नानंतर कुरुळीला आली आणि आठ वर्षं चाकणच्या बाजारात पेरू विकत बसली. शेजारी तिची जाऊ गजरे ओवायची. पुढे कुरुळीतच बायकांचं सेंट बनवणारी एक छोटी कंपनी निघाली, तिथं रंभा बाटल्यांना टोपणं लावायच्या कामाला लागली.

कंपनीचं एक सेंट फार खपायचं. फवारलं की आधी पेरूचा गोड वास यायचा, मग हळूहळू मोगरा उमलायचा. रंभानं ते कधी अंगाला लावलं नव्हतं, पण सकाळी दार ढकललं की तो पेरू तिला सामोरा यायचा आणि तिला बरं वाटायचं.

एका सोमवारी ती आत आली आणि दारातच थबकली. आज पेरू नव्हता. एकदम मोगराच.

तिनं सुपरवायझर जयमालाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, रोज त्याच वासात राहून नाक मरतं, माझंही मेलंय. तेव्हा रंभा जागेवर जाऊन बसली. शंभरेक बाटल्या पुढे गेल्या. तिचे हात चालत होते, पण जीव लागत नव्हता. बाजारात असताना तिनं कधी कुणाला कच्चा पेरू पिकलेला म्हणून दिला नव्हता. शेवटी ती उठली आणि तिनं लाल बटण दाबून बाटल्यांचा सरकता पट्टा बंद केला.

सगळ्या बायका बघायला लागल्या. जयमालाताईंचा चेहरा उतरला. वरून लॅबमधले निरंजन सर रुमालानं नाक पुसत खाली आले. सेंटचं मिश्रण तेच करायचे. त्यांनी शांतपणे विचारलं, काय बिघडलंय? रंभाला आता मागं फिरायला जागा नव्हती.

"सर, ह्या सेंटचा एक स्वभाव हाय," ती म्हणाली. "बाई आधी हसत घरात येती, मग निवांत बसती, मग बोलती. आजची बाई आल्या आल्या बसलीच. हसली न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं. निरंजन सर मात्र हसले नाहीत. ते वर गेले आणि कागदाच्या सहा पट्ट्या घेऊन आले. काहींवर शनिवारचा माल होता, काहींवर आजचा. कुठल्या पट्टीवर काय, ते त्यांनी मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं. रंभानं एकेक पट्टी नाकाजवळ धरली आणि दोन ढीग केले. सरांनी पट्ट्या उलटून पाहिल्या. एकही चुकली नव्हती.

ते पुन्हा वर गेले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या हातात फळांच्या अर्काचा कॅन होता. सील तसंच होतं.

"चार दिवस सर्दी आहे मला," ते ओशाळून म्हणाले. "फुलांचा अर्क घातला आणि हा टेबलाखालीच राहिला. मला कळलंसुद्धा नाही."

आता सगळी लाइन हसली, आणि सरही हसले. जयमालाताईंनी रंभाचा हात धरला आणि आपण ऐकायला हवं होतं, असं सगळ्यांसमोर कबूल केलं. भरलेल्या बाटल्या परत ओतल्या, अर्क मिसळला आणि दुपारी पट्टा सुरू झाला.

आठवड्याभरात रंभाची बदली लॅबमध्ये झाली. तिला पांढरा कोट मिळाला, तो बाह्यांना जरा लांब होता. आता प्रत्येक बॅच आधी तिच्यापुढे येते आणि ती मान हलवेपर्यंत खाली जात नाही. अर्क कोणते, कुठून येतात, हे निरंजन सर तिला शिकवतात. मोजमाप तिला अजून अवघड जातं, पण लिचीचा अर्क जुना झालाय, हे तिनं सरांच्या आधी ओळखलं.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तिची सुटका नाही. कुणी डोकं पुढं करून तेलाचं नाव ओळखायला सांगतं, कुणी डब्याचं झाकण किलकिलं करून भाजी विचारतं. ती डोळे मिटून वास घेते आणि मीठ कमी पडलंय असंही वर सांगते. मिठाला कुठला आलाय वास! ते ती नुसतंच ठोकून देते, हे अजून कुणाला माहीत नाही.