एकेचाळीस डावे कान

“दुसरं बटण कुठाय?”

कानवाल्या बाईंनी आलेखावरून मान वर केली. सकाळपासून हाच प्रश्न विचारणारा हा पाचवा माणूस. त्याच्या कानांवर त्यांनी हेडफोन चढवला होता, उजव्या हातात बटण दिलं होतं. बारीक आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. पण डावा हात टेबलावर काहीतरी चाचपत होता.

“एकच असतं,” बाई ओरडून म्हणाल्या.

ओरडणं हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. घरी नवरा म्हणायचा, “मला ऐकू येतं गं, मी पेशंट नाही.” बावीस वर्षं त्या कान तपासत होत्या. डॉक्टर निदान करायचे, कंपन्या कानाची यंत्रं वाटायच्या, आणि या दोहोंच्या मधलं जे काही उरतं ते बाई करायच्या.

आजचं शिबिर पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीचं होतं. समाजमंदिराच्या दारावर कंपनीचा फलक होता: ‘ऐकू या, जोडू या’. खाली एक हसरा कान काढला होता. कान कसा हसतो याचा बाईंनी थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. तपासणीला शांत खोली लागते, म्हणून त्यांना घडीच्या खुर्च्या ठेवायची कोठी दिली होती. चारी भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. त्या खोलीत बसलं की आपण एखाद्या उशीत शिरलोय असं वाटायचं.

माणूस गेला. बाईंनी त्याचा आलेख आधीच्या आलेखांवर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. वयानं गेलेला कान बाईंना पाठ होता. त्याची रेघ उतारावरून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखी हळूहळू खाली जाते. ही रेघ तशी नव्हती. ती बरी चालत यायची आणि एका ठरावीक ठिकाणी विहिरीत पडल्यासारखी धाडकन खाली जायची, पुन्हा थोडी वर यायची. प्रत्येकाची विहीर एकाच जागी. आणि प्रत्येकाची निळी विहीर लाल विहिरीपेक्षा खोल.

माणसांची नाकं वेगळी, नशिबं वेगळी. डावे कान मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखे. बावीस वर्षांत बाईंनी असं पाहिलं नव्हतं. त्यांना मजा वाटू लागली, आणि मजा वाटल्याबद्दल थोडी लाजही.

पुढचा माणूस खुर्चीत बसला. त्याचाही डावा हात टेबलावर गेला. बाईंनी छापील फॉर्म बाजूला सारला.

“काका, काम काय करायचात?”

“प्रेसवर होतो. झाकणं.”

“याच कंपनीत?”

“कंपनीत कसं म्हणणार?” काका विचारात पडले. “बसायचो कंपनीत. होतो कंत्राटदाराकडं. चोवीस वर्षांत कंत्राटदार आठ बदलले, मी तोच.”

“आणि दुसऱ्या बटणाचं काय आहे?”

काका खूश झाले. त्यांनी दोन्ही हात पसरून टेबलावर आपटून दाखवले. “दोन बटणं असायची. एक इकडं, एक तिकडं. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. म्हणजे हात आत राहायला नको. हात बघा, दहाच्या दहा आहेत!” त्यांनी बोटं नाचवली.

हातांसाठी दोन बटणं होती. कानांसाठी बटण नव्हतं.

“आणि डावाच कान का जातो सगळ्यांचा?”

“शेजारचं मशीन डाव्या अंगाला. आपलं समोर वाजतंय, त्याचं कानात.” काका पुढं झुकले. “पण ताई, मी कायम झालो नाही हे बरं झालं बघा. कायमवाल्यांना यंत्र नाही म्हणतात. बायकोला म्हटलं, चोवीस वर्षं रडत होतीस कायम व्हा, कायम व्हा. झालो असतो तर आज हुकलं असतं!”

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी कंपनीच्या अधिकारी मुलीला गाठलं. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘सामाजिक जबाबदारी अधिकारी’ असं होतं, त्यामुळं बाहेरची मंडळी तिला जबाबदारीताई म्हणत. पोरगी भली होती. सकाळपासून तिनं स्वतः खुर्च्या मांडल्या होत्या, म्हाताऱ्यांना हात धरून आणलं होतं, आणि अजून घोटभर पाणीही प्यायली नव्हती.

“कायमवाल्यांना यंत्र का नाही?” बाईंनी विचारलं.

“नियम आहे मॅडम. हा निधी समाजासाठी. आपल्याच माणसांवर खर्च केला तर ती सामाजिक जबाबदारी होत नाही.”

“मग काय होतं?”

मुलीनं प्रामाणिकपणे विचार केला. “नुसती जबाबदारी,” ती म्हणाली, आणि स्वतःच जराशी चमकली.

“आणि हे सगळे बाहेर बसलेत ते?”

“ते कंत्राटी. म्हणजे समाज.” तिनं यादी काढली. “पन्नास यंत्रं आलीत, आज संपवायचीत. एकेचाळीस झाले. नऊ माणसं कुठून आणू सांगा ना. गावभर फिरून आले, बाकीच्यांना नीट ऐकू येतं!”

दुपारी एक जोडपं आलं. म्हातारा उंच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. म्हातारी त्याच्या खांद्याइतकी, गळ्यावर ऑपरेशनचा आडवा व्रण. बाईंनी विचारलं, “पेशंट कोण?” तेव्हा म्हातारीनं तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. बाई उठून जवळ गेल्या.

“हे,” म्हातारी कुजबुजली. “माझा आवाज दोन वर्षांपूर्वी गेला, गळ्याची गाठ काढली तेव्हा. यांचे कान त्याच्या आधीच गेलेले. दोन वर्षं टोमणे मारतेय बाई, एकही पोचत नाही. संसार फुकट चाललाय.”

“काय म्हणतेय ती?” म्हातारा गरजला. बाहेरच्या खोलीतली माणसं वळून बघू लागली.

“तुमचं कौतुक करतायत!” बाई ओरडल्या.

“शक्यच नाही!”

त्यांनी त्याला बसवलं. बटण दिलं. त्यानं ते डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं टेबल चाचपलं. बाई नुसत्या हसल्या. पण आलेख काढताना त्यांचा हात थांबला. विहीर त्याच जागी होती, पण ती लाल होती. डावा कान बरा, उजवा खोल गेलेला. एकेचाळीस जणांनंतर हा पहिला उलटा माणूस. त्यांनी वायरी बघितल्या, हेडफोन उलटा तर लावला नाही ना ते बघितलं, पुन्हा तपासणी केली. तेच.

“तुम्ही प्रेसवर नव्हता?” त्यांनी बऱ्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“एकतीस वर्षं होतो!”

“मग उजवा कसा गेला?”

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नसावा. “मी डावखुरा! पहिल्या महिन्यात माझी झाकणं वाकडी निघायची. मोठ्या साहेबांनी येऊन बघितलं. काय चुकतंय कळेना. मग माझा हात बघितला, म्हणाले, ‘अरे, याचं मशीन उलटं लावा.’ रविवारी क्रेन मागवली. चार टनांचं मशीन! एका माणसासाठी फिरवलं!” त्यानं हातानं मशीन फिरवून दाखवलं. “त्यामुळं शेजारचा आवाज उजव्या अंगाला आला.”

तेव्हा याला सामाजिक जबाबदारी म्हणायची पद्धत नव्हती. नुसतं मशीन फिरवायचे. कान तेव्हाही जायचेच, पण ज्याचा त्याच्या सोयीनं.

बाईंनी यंत्र जुळवलं आणि त्याच्या कानात बसवलं. नियमाप्रमाणं आधी फॉर्म, मग यंत्र. पण त्यांना राहवेना. त्यांनी म्हातारीला खूण केली: बोला.

म्हातारी संकोचली. दोन वर्षांचं साठलेलं, त्यातून नेमकं काय काढावं हा प्रश्न असणार. शेवटी ती कुजबुजली, “हळू बोलत जा. सकाळपासून सगळे बघतायत.”

म्हातारा हलला नाही. त्यानं कानाला हात लावला, मग तिच्याकडं बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात, इतक्या की बाईंनाच पुढं झुकावं लागलं, तो म्हणाला, “आवाज असा झालाय होय तुझा?”

“असाच. आवडला नसेल तर काढा यंत्र.”

“नको, राहू दे,” तो म्हणाला. “चालेल.”

जबाबदारीताई फॉर्म घेऊन आत आली आणि दारातच सगळं उलगडलं. प्रेसवर होतात? होतो. कायम? तर! निवृत्तीचं ओळखपत्र त्यानं खिशातून काढून तिच्या हातात दिलं, कडक प्लास्टिकमध्ये जपलेलं. तिचा चेहरा पडला.

“आजोबा, तुम्ही समाजात येत नाही.”

“मग कशात येतो?”

“तुम्ही आमच्या कुटुंबातले.”

“बरं मग, कुटुंबातल्यांना कुठं मिळतं?”

“कुटुंबासाठी योजना नाहीये.”

म्हाताऱ्याचा हात कानाकडं गेला. यंत्र काढायचं आहे हे त्याला न सांगता समजलं होतं. मुलीनं बाईंकडं बघितलं, मग यादीकडं, मग दार लोटून घेतलं.

“एक करता येईल. कागदपत्रं नसलेल्या माणसांसाठी स्वयंघोषणा असते. मी तुमचं ओळखपत्र बघितलंच नाही असं समजा. इथं फक्त सही करा.” तिनं कागद पुढं ठेवला. “कुणी तपासत नाही हो. खरंच तुम्हाला मिळावं असं वाटतं म्हणून सांगतेय.”

म्हाताऱ्यानं चष्मा लावून वाचलं. हळू आवाजात, पण मोठ्यानं. “‘मी असे घोषित करतो की मी सदर कंपनीत कधीही, कोणत्याही पदावर काम केलेले नाही.’” त्यानं चष्मा काढला. “कधीही?”

“ते छापीलच आहे.”

“खोडून ‘आता करत नाही’ असं लिहू?”

“खाडाखोड चालत नाही आजोबा.”

“एकतीस वर्षं,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. “एक दिवस उशीर नाही. माझ्यासाठी मशीन फिरवलं होतं यांनी. मी नव्हतोच असं लिहून देऊ? मग ते काय वाऱ्यानं फिरलं?”

कागदावर खाली साक्षीदाराची जागा होती. तिथं छापलं होतं, ‘श्रवणतपासणी तंत्रज्ञ’. बाईंनी ते वाचलं. एका हातात त्यांनीच काढलेला आलेख होता. त्यातली लाल विहीर सांगत होती की हा माणूस त्याच खात्यात, एका उलट्या मशीनवर, वर्षानुवर्षं बसला होता. आणि दुसऱ्या हातानं त्यांनी साक्ष द्यायची होती की तो तिथं कधी गेलाच नाही. साक्षीदार म्हणून आपण फारच माहीतगार आहोत, असं त्यांच्या मनात आलं.

म्हाताऱ्यानं यंत्र काढायला सुरुवात केली. एका हाताला ते जमेना. बाई मदतीला गेल्या नाहीत.

म्हातारीनं त्याचा हात धरला आणि खाली आणला.

“तुम्ही जात होतात ते मला ठाऊक आहे,” ती कुजबुजली. “रोज साडेपाचला उठून मीच पाठवत होते की. त्यांच्या कागदाला ठाऊक असून काय करायचंय?”

“खोटं आहे ते.”

“आहेच. माझे दोन वर्षांचे टोमणे खरे आहेत. ते ऐकायचेत का नाही?”

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पेन डाव्या हातात घेतलं. सही सावकाश केली, पूर्ण नावाची, एकही अक्षर न गाळता. कामावर हजेरीला करत असेल तशीच. पेन खाली ठेवून त्यानं ओळखपत्र उचललं, प्लास्टिकवरची धूळ शर्टानं पुसली आणि वरच्या खिशात घातलं.

बाईंनीही सही केली. फॉर्मवर ‘ऐकू न येण्याचे कारण’ असा रकाना होता: जन्मजात, आजार, अपघात, वय, माहीत नाही. त्या रकान्यावर त्यांनी थोडा वेळ पेन धरलं. मग समासात बारीक अक्षरांत लिहिलं, ‘प्रेसखाते, उलटे मशीन’. खाडाखोड चालत नव्हती. समासाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. नियमाप्रमाणं आलेख घोषणेला जोडायचा असतो. त्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले. एक म्हणत होता, ‘हा तिथं नव्हता’, दुसरा म्हणत होता, ‘होता’. दोन्ही वाचणारा माणूस कंपनीत अजून नेमला गेला नव्हता. उरलेल्या एकेचाळीस फॉर्मांचे समास त्यांनी पुढ्यात ओढले.

बाहेर फोटोची गडबड चालली होती. प्रत्येक लाभार्थ्यानं हसऱ्या कानाच्या फलकाखाली उभं राहायचं, छातीशी क्रमांकाची पाटी धरायची आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. म्हाताऱ्याच्या हातात बेचाळीस नंबर दिला. म्हातारीला जबाबदारीताईनं हलकेच बाजूला केलं. ती लाभार्थी नव्हती.

बाई कोठीच्या दारात आल्या. म्हातारी भिंतीशी उभी राहून काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. बाईंनी कान टवकारले. बावीस वर्षं शाबूत ठेवलेले दोन्ही कान. पण काही कळेना.

“आजोबा, इकडं बघा,” फोटोग्राफर म्हणाला. “कॅमेऱ्यात. आजोबा! हसा!”

म्हाताऱ्यानं तिकडं बघितलं नाही. पाटी काखेत धरून त्यानं एक हात वर केला.

“थांबा जरा,” तो हळूच म्हणाला. “ती बोलतेय.”