साधं खातं

वैदेहीबाईंनी कीबोर्ड चिंतामणरावांच्या पोटावर ठेवला आणि त्यांचा डावा हात उचलून त्यावर नेला.

"अहो, पासवर्डची अक्षरं तेवढी दाबा. एकेक करून."

बोटं हलली नाहीत. दिवाळीनंतरच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. पण डाव्या हातानं ते माशी हाकलत, चहात साखर कमी पडली की कप सरकवून देत. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. आता मात्र त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि मनगटानं कीबोर्ड बाजूला ढकलला.

"आठवत नसेल बिचाऱ्यांना," बाई रुपालीला म्हणाल्या.

रुपाली माढ्याची, बाईंची जुनी विद्यार्थिनी. शुक्रवार पेठेत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. उद्यापासून बाईंचा गणिताचा ऑनलाइन वर्ग पुन्हा सुरू व्हायचा होता. आजाऱ्याला टाकून उंबऱ्याबाहेर पडायची सोय नव्हती. दिवसभरात कुणाशी चार शब्द बोलायचे तर एवढाच मार्ग उरला होता, आणि हे मेलं मशीन काही नवं घालायला गेलं की चिंतामणरावांचा पासवर्ड मागत होतं.

"असू द्या की बाई. दुसऱ्या वाटेनं शिरते," रुपाली म्हणाली आणि तिनं पेन ड्राइव्ह लावला.

कॉम्प्युटर बाईंनीच घेतला होता, निवृत्त झाल्यावर, वर्गासाठी. चिंतामणरावांचं खातंही त्यांनीच काढून दिलं होतं, अगदी आपल्याइतक्याच हक्कांचं. लाइटबिल त्यांच्या नावावर, दारावरची पाटी त्यांच्या नावाची. घरातल्या कर्त्या माणसाला इथंच कमी कसं लेखायचं? वर्ग झकास चालला होता. मग एक दिवस मशीन बाईंनाच जुमानेना.

"अपडेट आलं, त्यानं तुझे हक्क उडवले," चिंतामणराव म्हणाले होते. "आता माझा पासवर्ड लागणार."

तेव्हापासून काही अडलं की बाई पदराला हात पुसत खुर्चीमागे उभ्या राहायच्या.

"टाकतो की. आधी चहा तर कर," ते म्हणायचे.

चहा व्हायचा, मग पेपर, मग पूजा. पडद्यावरची मुलं वाट बघून निघून जायची. होता होता वर्ग बंद पडला. बाईंनी मशीनच्या नावानं बोटं मोडली आणि त्यावर कापड टाकलं.

"झालं बाई, उघडलं," रुपाली म्हणाली. मग पडद्याजवळ वाकून, "पन एक कळंना. हितं पयलं खातं तुमचं हाय. पयलं खातं म्हंजे मालकाचंच. मग तुमाला साधं कुनी केलं?"

"अपडेटनं."

"अपडेट असं करत न्हाय, बाई. मालकाच्या खात्यातनं आत जावं लागतं. नाव निवडायचं, हक्क काढायचे, ओके दाबायचं. हातानंच करावं लागतं की."

घरात माणसं दोनच. बाई वळल्या. चिंतामणराव त्यांच्याकडेच बघत होते. नजर भिडली तशी त्यांनी मान पुन्हा भिंतीकडे फिरवली.

एवढी वर्षं त्या निर्जीव डब्याला शिव्या घातल्या! ओरडून विचारावं, का केलंत, असं बाईंना वाटलं. पण उत्तर द्यायला त्या माणसाला तोंड कुठं उरलं होतं? त्यांनी घसरलेलं पांघरूण उचलून त्यांच्या पायांवर टाकलं.

"तुमचं तुमाला दिलं परत," रुपाली हळूच म्हणाली. "काकांचं कसं ठिवू? मालकाचं ऱ्हाऊ दे, का..."

"सरक. मला दाखव कुठं दाबायचं ते."

बाई खुर्चीत बसल्या. रुपालीनं बोट दाखवलं. बाईंनी नवऱ्याचं नाव निवडलं, 'साधं' वर खूण केली आणि ओके दाबलं. एवढंसं काम.

पलंगाच्या कडेवर टकटक झाली. चहाची वेळ झाली की चिंतामणराव डाव्या हातानं तसंच वाजवत.

"टाकते की," बाई मागे न बघता म्हणाल्या. "आधी वर्ग तर लावू द्या."

टकटक थांबली. रुपाली गेल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी चहा केला, साखर बरोबर घातली, आणि उशीला टेकवून त्यांना बशीनं पाजला. पाजताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.