दोन बोटं जास्त

वहिनी शिवणखोलीत शिरल्या आणि सगळी मशिनं एकदम गप्प झाली. नवरा जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. तो इथलाच कटिंग मास्तर, आणि वहिनी शिलाईच्या प्रमुख.

"थांबलात कशाला? सोमवारी शाळा उघडतेय. पोरांनी काय बनियनवर जायचं?"

कुणी हसलं नाही. काजं-बटणं करणारी बडबडीसुद्धा मान खाली घालून सुई ओवत राहिली. गणवेश वेळेत गेले नाहीत तर पुढचं काम दुसरीकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शर्टांचे गठ्ठे तयार होते. पँटी मात्र अर्ध्याच.

"पँटी का अडल्या?"

"कापड कमी आलं, वहिनी," मास्तरच्या हाताखालचा चष्मेवाला म्हणाला. थाप मारताना तो चष्मा पुसायचा. आत्ताही पुसत होता.

"भावजी, कापड मी स्वतः उतरवून घेतलंय. कुठं दडवलंत?"

शेवटी इस्त्रीवाल्या मावशींनी कपाट उघडलं. जुन्या चादरीत निळं कापड जपून गुंडाळलेलं होतं. वहिनींनी ते टेबलावर पसरलं. त्यावर खडूच्या रेघा होत्या, मास्तरनं शेवटच्या दिवशी आखलेल्या. घड्यांपाशी पुसट झालेल्या.

"कात्री लावायला कुणाचा हात होईना," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्यासाठी राहू दे."

वहिनींनी रेघेवरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही. प्रत्येक पायाला खाली दोन बोटं कापड जास्त होतं. पोरं उंच होतात, म्हणून मालकाशी भांडून तो तेवढं सोडायचाच.

त्यांनी खडू उचलला आणि पुसट झालेल्या रेघा त्याच्याच वळणानं पुऱ्या केल्या.

"कापा, भावजी."

"रेघा जातील, वहिनी."

"जाऊ देत. हे कपाटात ठेवायला आखलं नव्हतं त्यांनी. दोन बोटं पोरांच्या पायाशी राहतील की."

चष्मेवाल्यानं कात्री घेतली. वहिनींनी समोरून कापड ताणून धरलं.

"वहिनी, तुमचे डोळे..."

"माझ्या डोळ्यांचं मी बघते. तुम्ही कात्री बघा."

"आणि चष्मा पुसा आधी," कोपऱ्यातून बडबडी म्हणाली, "नाहीतर सगळ्यांच्या हाफपँटी कराल!"

मावशी फसकन हसल्या. मग वहिनीही, डोळे न पुसताच. कात्री चालू लागली. पहिला पाय कापून झाला तसा वहिनींनी तो उचलला, आपल्या मशिनवर बसल्या आणि पायडल दाबलं.