साहेबांच्या आवाजाखालची गाणी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी कोपऱ्यात बसून गोड आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल. मित्रांनो, माझ्याजवळ गोड आठवणीही आहेत. त्या आधी सांगून टाकतो.

मी काळा, दोन कॅसेटींचा, दोन्ही अंगांना स्पीकर असलेला. कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात रबरी पट्टा बसवला, बटण दाबलं आणि कान लावून ऐकलं. ती मान हलवून हसली, तो माझा जन्म. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानातून धोंडबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून इंदोरा वस्तीतल्या घरी आणलं. धोंडबा रेल्वेत फिटर होते. चौदा एप्रिलला त्यांनी मला दारात स्टुलावर ठेवलं आणि भीमगीतं लावली. सारी गल्ली जमली. अंजनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्यासाठी जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. धूळ बसली की त्या पदराने पुसत आणि एखाद्या नातवाशी बोलावं तशा माझ्याशी बोलत.

धोंडबा लवकर गेले. घरात अंजनाबाई आणि दोन मुलं उरली. थोरला प्रीतम अभ्यासात हुशार. त्याला सरकारी अधिकारी व्हायचं होतं, आणि घरातली प्रत्येक गोष्ट त्याच्या अभ्यासाभोवती फिरत होती. धाकटी उन्नती. ती काय होणार, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

उन्नती अकरावीत असताना एका मैत्रिणीच्या घरी तिने ती गाणी पहिल्यांदा ऐकली. अमेरिकेतल्या सिएटल नावाच्या पावसाळी शहरातली ती पोरं. केस वाढलेले, चौकड्यांचे विटके शर्ट, गिटारचा आवाज मुद्दाम खरबरीत ठेवलेला. त्या संगीताला ग्रंज म्हणतात, हे तिला नंतर कळलं. शब्द तर निम्मेच कळत. पण गाणारा हळू आवाजात पुटपुटत पुटपुटत अचानक नरडं फाडून ओरडायचा, तेव्हा उन्नतीच्या अंगावर काटा यायचा. आपल्या घरात मुलीने असं ओरडलं तर चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या वतीने दुसरं कोणीतरी ओरडत होतं.

लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने दीड वर्षात एकेक करत सहा कॅसेटी जमवल्या. दुपारी कूलर लावून, दार ओढून घेऊन ती माझ्यासमोर मांडी घालून बसायची. आवाज बारीक ठेवायची आणि कान माझ्या जाळीला चिकटवायची. तिचा गाल गरम असे. मला कोणी इतक्या जवळून कधीच ऐकलं नव्हतं.

आता रागाचं कारण सांगतो.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे चौकोन असतात. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटीत ते रिकामे ठेवलेले असतात, म्हणजे कोणी चुकून त्यावर दुसरं काही भरू नये. पण त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. मग जुनं पुसून नवं भरता येतं. हे प्रीतमला माहीत होतं.

मे महिना होता. उन्नती मावशीकडे कुहीला गेली होती. प्रीतमची परीक्षा जवळ आली होती, आणि सनावळ्या, राज्यघटनेची कलमं, नद्यांची नावं स्वतःच्या आवाजात भरून झोपताना ऐकायची, असं त्याच्या डोक्यात आलं. कोऱ्या कॅसेटी घरात नव्हत्या. उन्नतीच्या होत्या. त्याने सहाही कॅसेटींना चिकटपट्टी लावली आणि माझं लाल बटण दाबलं.

माझ्यात आवाज भरणारा भाग असतो, तसा पुसणाराही असतो. फीत आधी त्याच्यासमोरून जाते. एकेक गिटार, एकेक ओरडा माझ्या पोटात येत होता आणि नाहीसा होत होता. मला थांबता येत नव्हतं. जिच्यासाठी मी ही गाणी इतक्या मायेने वाजवली, तिची गाणी माझ्याच हाताने पुसून घेतली गेली. मित्रांनो, मला नंतर लोकांनी आपटलं, पाडलं, माझं झाकण उंदराने कुरतडलं. त्या कशाचाही मला राग नाही. याचा आहे.

उन्नती परत आली. तिने आवडती कॅसेट लावली. गिटारऐवजी प्रीतमचा आवाज आला, "कलम सतरा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे." तिने दुसरी लावली, तिसरी लावली. मग ती प्रीतमच्या टेबलापाशी गेली.

"दादा, हे काय केलं तू? मले इचारलं काहून नाई?"

"अवं, ते बोंबलणं कोण ऐकते?" पुस्तकातून मान वर न करता तो म्हणाला. "घरात एक अफसर झाला तं साऱ्याइचं भलं होईन."

ती आईकडे वळली. अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून नजर काढली नाही. "जाऊ दे वं माय. पोराची परीक्षा हाय."

उन्नतीने कॅसेटी डब्यात भरल्या. त्यानंतर ती गाण्यांबद्दल कोणाशीच बोलली नाही.

प्रीतम पास झाला. साहेब झाला, गावोगावी बदल्या घेत राहिला. उन्नतीचं लग्न झालं आणि ती बुटीबोरीला गेली. तिथल्या एका कापड कारखान्यात लागली आणि तपासणी विभागाची प्रमुख झाली. कापडातला एक सुटलेला धागा ती लांबून ओळखते. अंजनाबाई गेल्यावर इंदोऱ्याचं घर विकलं गेलं. सामान वाटताना उन्नतीने फक्त मला आणि कॅसेटींचा डबा मागितला.

"भंगार नेऊन राहिली का?" प्रीतम हसला होता.

मग पुष्कळ वर्षं मी कपाटावर पडून होतो. माझा पट्टा चिकट होऊन वितळला. बटणांवर तेलकट धूळ बसली. एकदा तर मला भंगारवाल्याच्या गाडीपर्यंत नेलं होतं. उन्नतीच्या नवऱ्याने नेलं आणि तिने धावत जाऊन परत आणलं. का, ते तिने त्याला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी कारखान्याच्या बसमध्ये तिच्या शेजारी मयुरा नावाची नवी मुलगी बसली होती. मयुराच्या कानातल्या इअरफोनमधून गिटारचा एक तुकडा बाहेर सांडला. उन्नतीने तो ओळखला. "मले दे पाहू जरा," ती म्हणाली. ऐकता ऐकता तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर तिने ते सगळे अल्बम स्वतःच्या फोनवर शोधून काढले. रोज संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर एक ऐकायचा, असं तिने सुरू केलं. एक अल्बम तिला आता पोरकट वाटला. दुसऱ्यात तिला कधी न जाणवलेलं दुःख सापडलं. तिच्या सगळ्यात लाडक्या अल्बमाला मात्र काहीही झालं नव्हतं. तो अजून तसाच पेटलेला होता. तीही तशीच पेटली.

तिने मला खाली उतरवलं. सीताबर्डीत एक दुरुस्ती करणारा अजून टिकून आहे. त्याने नवा पट्टा घातला, फितीला टेकणारी माझी तोंडं स्पिरिटने पुसली, आणि मी पुन्हा फिरू लागलो.

त्याच सुमारास प्रीतमचा फोन आला. तो निवृत्त झाला होता. उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत त्याचा सत्कार होता.

"उन्नती, तुह्याकडे माह्या त्या कॅसेटी हायेत न? पोराइले ऐकवतो म्हणतो. आपण कसा अभ्यास केला ते कळू दे आजकालच्या पोराइले."

"माह्या?" उन्नती म्हणाली.

"हो, त्याच. अन् टेपबी आण."

"आणतो न, दादा," ती म्हणाली. नागपुरात बायाही असं 'आणतो' म्हणतात. तिचा आवाज गोड होता. तो गोडवा ऐकून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

तिने फोनपासून माझ्या पाठीत वायर जोडली. चिकटपट्ट्या अजून जागेवरच होत्या, पिवळ्या पडलेल्या. ज्या कॅसेटमध्ये जो अल्बम होता, त्यातच तो परत भरायचा. पहिली कॅसेट, लाल बटण. कलमं गेली. नद्या गेल्या. सनावळ्या गेल्या. ज्या भागाने मी तिची गाणी पुसली होती, त्याच भागाने साहेबांचा आवाज पुसला. मित्रांनो, सूड गोड नसतो असं मोठी माणसं सांगतात. मला तर फार गोड लागला.

सहावी कॅसेट तिच्या लाडक्या अल्बमची. पुसण्याआधी एकदा ऐकावी, असं तिला का वाटलं कोण जाणे. प्रीतम गोदावरीच्या उपनद्या सांगत होता. मागे कूलर घरघरत होता. मधेच भांड्याचा आवाज झाला आणि अंजनाबाईंचा आवाज आला.

"प्रीतम, त्या पोरीच्या कॅसेटी हायेत गा. तिनं शिकवण्या करून घेतल्या. तिले इचारलं का?"

"आई, चूप बस. रेकॉर्डिंग चालू हाय."

"तिले वाईट वाटन, बाबू."

"तुले काई समजत नाई. जाय तिकडं."

मग पावलं दूर गेली, आणि पुन्हा पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती.

उन्नतीने मला बंद केलं. आपल्या आईनेही आपली बाजू घेतली नाही, हे तिने आयुष्यभर मनात धरलं होतं. ती तिथेच फरशीवर बसून राहिली. ती कॅसेट तिने पुसली नाही. तिचा सगळ्यात लाडका अल्बम कॅसेटवर परत येणार नव्हता. तिने ती कॅसेट साड्यांच्या घडीत ठेवली आणि उरलेल्या आणि मला घेऊन सत्काराला गेली.

सभागृह मुलामुलींनी भरलं होतं. प्रीतमच्या गळ्यात हार होता. माझ्यासमोर माईक ठेवला. "हा आवाज एका गरीब घरातल्या मुलाचा आहे," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. क्षणभर खरखर झाली. मग मी माझ्या साऱ्या ताकदीनिशी गिटार सोडली. पुढच्या रांगेतली मुलं दचकली. प्रीतमने कॅसेट उलटी केली. तिकडेही तेच. दुसरी कॅसेट, तेच. मागून एका मुलीने विचारलं, "सर, हेच ऐकून पास झाले का तुमी?" सगळे हसले, काहींनी टाळ्यांवर ठेका धरला. प्रीतमही हसला, पण घाम पुसत. तिसऱ्या रांगेत उन्नती मांडीवर हात ठेवून शांत बसली होती.

तो तिथून थेट तिच्या घरी आला. हार गाडीतच राहिला होता.

"माहा आवाज पुसला तू?"

"तुह्या आवाजाच्या खाली काय होतं, दादा?"

"गाणी तं कुठंबी भेटतात! फोनवर भेटतात! माहा तो आवाज आता कुठून आणू मी?"

त्याचं म्हणणं खरं होतं. उन्नतीलाही ते कळलं.

"मले तवा पाह्यजे होती ती गाणी," ती म्हणाली. "अठरा वर्षांची होती मी. ते वय भेटते का फोनवर?"

प्रीतम खुर्चीत बसला. मग तिने सांगितलं, की एक कॅसेट शिल्लक आहे, आणि तिच्यात आई आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला.

"लाव," तो म्हणाला. "लाव न, उन्नती."

"आधी हे ऐक. दोन्ही बाजू."

तिने पुसून परत भरलेला एक अल्बम लावला. साहेब तो पूर्ण ऐकत बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. बाजू संपली की ती उठून उलटी करायची. तो एकदाही बोंबलणं म्हणाला नाही. मग तिने साड्यांतली कॅसेट काढली.

आईचा आवाज आला तसे त्याचे डोळे भरले. पुढच्याच क्षणी त्याने स्वतःला ऐकलं. चूप बस. तुले काई समजत नाई. जाय तिकडं. त्याने तोंडावर हात ठेवला.

"मले याची कॉपी करून दे," कॅसेट थांबल्यावर तो म्हणाला.

"नाई. कॅसेट माही हाय," उन्नती म्हणाली. "ऐकावं वाटलं तं येत जाय."

तो येतो. रविवारी दुपारी येतो, चहा घेतो, आधी एक अल्बम ऐकतो आणि मग आई. भावाबहिणीत समेट झाला असं शेजाऱ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आई मागायला आलेल्या माणसाला दर वेळी स्वतःचा तो आवाजही ऐकावा लागतो, आणि उन्नती तो भाग कधीही पुढे ढकलत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कपाटावर पडला असेल तर त्याला खाली उतरवा. त्याची धूळ पुसा, महिन्यातून एकदा तरी त्याला फिरवा, त्याचा पट्टा वितळण्याआधी बदला. उन्नती माझं हे सगळं करते. माझी तोंडं कापसाने पुसते, ओल लागू नये म्हणून माझ्याखाली पाट ठेवते. मी अजून बरीच वर्षं चालायला हवं, अशी तिची इच्छा आहे. माझीही आहे. साहेबांचं ऐकणं अजून संपलेलं नाही.