डावीकडचा खालचा कोपरा

पाहुणे यायची वेळ झाली होती आणि संध्या रूपालीच्या टॅबलेटवरचं ‘नको’चं बटण काढत होती. खालच्या डाव्या कोपऱ्यातला तो लाल पंजा गेला. तिथे तिने जोडलेल्या हातांचं चित्र बसवलं आणि गोड आवाजात बोलून ठेवलं, ‘धन्यवाद.’

रूपालीला चित्र नव्हे, जागा लक्षात राहते, हे तिने संस्थेच्या काकासाहेबांना परोपरीने सांगून पाहिलं होतं. शिक्षिका म्हणून तो एक कोपरा शिकवण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला होता.

“पाहुण्यांपुढं सारखं नको-नको बरं दिसत नाय, मॅडम,” काकासाहेब म्हणाले. “एका दिवसानं काय बिघडतंय?”

संध्याला त्यांची किळस आली. त्याहून जास्त आली ती मुकाट्याने डोललेल्या स्वतःच्या मानेची.

रूपाली पंचविशीची. तिला बोलता येत नसे, समजायलाही वेळ लागे, पण आवडनिवड पक्की होती. गोड तर तिला मुळीच खपत नसे. घरच्यांनी तिच्या तोंडात शिरा कोंबायचं थांबवलं, ते त्या कोपऱ्यातून आवाज यायला लागल्यावरच.

पाहुण्यांचा शेंद्र्याला कारखाना होता आणि संस्थेला टॅबलेट त्यांनीच दिलेले. सत्कार झाला, भाषण झालं, मग त्यांनी रूपालीच्या तोंडात पेढा घातला. फोटो नीट आला नाही, म्हणून दुसरा पेढा घातला. रूपालीचं बोट सवयीने कोपऱ्यावर गेलं.

‘धन्यवाद.’

सभागृहात टाळ्या पडल्या. पाहुणे विरघळले आणि त्यांनी तिसरा पेढा उचलला. अंगठी घातलेलं जाड बोट तिच्या ओठांत शिरत होतं, चघळलेला पेढा लाळेबरोबर हनुवटीवर उतरत होता. रूपाली कोपरा दाबत राहिली, आणखी जोरात.

‘धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद.’

“खा की गं, साहेब देऊ लागलेत,” पहिल्या रांगेतून तिची आई आवडाबाई म्हणाली. मागे कुणीतरी डोळे पुसत होतं. पेढ्यांचं तबक हातात धरून संध्या शेजारीच उभी होती. तो लाडिक आवाज तिचा होता. तबक घेऊन ती मागे सरकली असती तरी पुरलं असतं, पण ती हलली नाही.

पाहुणे गेले. लई भारी झालं, असं काकासाहेब ज्याला त्याला सांगत फिरत होते. संध्याने रूपालीला मागच्या खोलीत नेलं आणि आधी तो लाल पंजा परत जागेवर बसवला. मग रुमाल ओला करून तिने रूपालीच्या हनुवटीकडे हात नेला.

रूपालीने मान मागे घेतली. टॅबलेटकडे न बघताच तिने कोपरा दाबला.

‘नको.’

हाही आवाज संध्याचाच होता. रुमालातून पाणी गळत राहिलं. तिने हात मागे घेतला.