मागची जागा

“मागं बघू नका हो, बाई! पुढं बघा. मागं मी आहे ना!”

हे निवेसने सकाळपासून सातव्यांदा तरी सांगितलं असेल. ग्राट्सहून आलेली दातांची डॉक्टरीण नावेच्या पुढच्या टोकावर उभी राहून वल्ह्याशी झटापट करत होती आणि दर दोन झोक्यांनी मान वळवत होती. व्हेनिसला येऊन उभ्याने वल्हवायला तासाभरात शिकायचं, असा तिचा बेत होता.

निवेस मागच्या टोकावर होती. तिथे ती आजच पहिल्यांदा उभी राहिली होती. एकतीस वर्षं तिची जागा पुढची, शिकाऊ माणूस मध्ये आणि मागे नवरा, आल्विझे. नाव वळवायची त्याने, आंधळ्या वळणावर हाळी द्यायची त्याने. हिने फक्त ठेका धरायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो जेवता जेवता गेला. निवेस रडली नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! दात काढण्याआधी सुई टोचली की गाल बधिर होतो, तशी ती सगळीच झाली होती.

“एक फेरी नीट आणून दाखव,” वल्हवणं शिकवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी दारियो निघताना म्हणाला होता. “नाहीतर नाव दुसऱ्याला द्यावी लागेल. राग मानू नकोस.”

राग यायलाही आत काहीतरी जागं लागतं.

कालव्याचं वळण आलं. भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. निवेस ठेका धरून मागून येणाऱ्या हाळीची वाट बघत राहिली. मागे कोणीच नाही हे ध्यानात आलं, तोवर भाजीने भरलेली मोटारबोट समोर येऊन ठेपली होती.

डॉक्टरीण किंचाळली. निवेसने सगळा भार वल्ह्यावर टाकला. नाव भिंतीला घासून थांबली.

“तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? हाळी कोण देणार, तुझा नवरा?” भाजीवाला उगो ओरडला. मग त्याने तिला ओळखलं आणि टोपी काढली. “वहिनी, तुम्ही होय! मी आपला...”

“चूक माझीच. जा तू, भाजी सुकेल.”

“क्लबात मी काही बोलणार नाही.”

“बोललास तरी चालेल.”

“परत जायचं का?” डॉक्टरणीने घाबरून विचारलं. निवेसलाही तेच हवं होतं. नाव दारियोच्या हवाली करायची आणि घरी खुर्चीत बसून राहायचं. पण परतीच्या वाटेवरही वळण होतंच.

त्या वळणाआधी तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला, घोगरा, तिचा तिलाच अनोळखी. “ओऽए!”

पलीकडून कुणा न दिसणाऱ्याची उलट हाळी आली. तिने नाव थोपवली, त्याला जाऊ दिलं आणि मग अलगद वळवली.

काठाला लागल्यावर डॉक्टरीण म्हणाली, “शेवटी मी मागे बघायचं सोडूनच दिलं. तुम्ही आहात म्हटल्यावर भीती नाही वाटली.”

निवेसने नावेचा दोर खुंट्याला बांधला. एकतीस वर्षांत तिनेही कधी मागे पाहिलं नव्हतं. का, ते आल्विझेला सांगायचं राहून गेलं होतं.

“हा ओरखडा कसला?” दारियोने विचारलं.

“वळणावर चुकले.”

त्याने ओरखड्यावरून अंगठा फिरवला. “उद्या दहाला तुझ्याकडे दोघं शिकायला आहेत,” म्हणाला आणि आत गेला.

निवेस फडकं घेऊन मागची फळी पुसू लागली. तिथे आल्विझेच्या पायांनी रंग उडालेल्या दोन जागा होत्या. त्यांच्या आत तिच्या बुटांचे ओले ठसे उमटले होते, बरेच लहान. तेवढे सोडून तिने बाकीची फळी पुसली.